लांबी सरकारची, रुंदी लेकरांची

भारतात लहान मोटार कशाला म्हणायचे, हे अर्थखात्याने फूटपट्टी लावून ठरवलेले आहे. लांबी चार मीटरच्या आत. इंजिन पेट्रोलचे असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असेल तर १५०० पर्यंत. २००६ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी ही मापे घालून दिली आणि त्यांत बसणाऱ्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणले. मग काय, चांगल्या धडधाकट मोटारींच्या डिक्क्या पाठीमागून सपासप छाटल्या गेल्या. जीएसटीतही हीच पट्टी चालते : २२ सप्टेंबर २०२५ पासून मापात बसली तर १८ टक्के, मापाबाहेर गेली तर ४०. या सबंध व्याख्येत रुंदीचे नाव नाही. तीन लहान मुलांच्या तीन खुर्च्या मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसवायच्या झाल्या, तर नेमकी तीच लागते. सरकार गाडीला उभे मोजते, आई आडवे.

भिलाईत हा प्रश्न साधारण असा उपस्थित होतो. घर पोलाद कारखान्यातले. पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. त्यानंतरच्या भरतीत आजोबा भंडारा-गोंदियाकडून आले, रेल मिलमध्ये राबले आणि निवृत्त झाले. मुलगाही प्लांटमध्येच. त्याला पहिली मुलगी, आणि दुसऱ्या खेपेला सोनोग्राफीच्या पडद्यावर एकाऐवजी दोन ठिपके. ‘हम दो, हमारे दो’ ही घोषणा भिंतीभिंतींवर रंगवणाऱ्यांनी जुळ्यांचा विचार केला नव्हता. मोटारवाल्यांनी मात्र ती मागच्या सीटमध्ये शिवूनच टाकली आहे. मुलाची खुर्ची खटकन अडकवण्यासाठी सीटच्या फटीत ज्या पोलादी कड्या असतात, त्यांना आयसोफिक्स म्हणतात. त्या दोन खिडक्यांपाशी असतात, मध्ये बहुधा नसतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपच्या धडक-चाचणीतही मागे दोनच बाहुले बसवतात, एक दीड वर्षाचा आणि एक तीन वर्षांचा. तिसरे भावंड चाचणीला जातच नाही. आयसोफिक्सची कडी म्हणजे सहा मिलिमीटर जाडीची पोलादी सळई. तसल्या मालाची भेंडोळी भिलाईच्या वायर रॉड मिलमधून टनावारी बाहेर पडतात. मधल्या सीटपर्यंत ती पोचत नाहीत, एवढेच.

मुलाची खुर्ची वयापेक्षा वजनावर आणि उंचीवर ठरते. जुन्या युरोपीय वर्गवारीप्रमाणे १३ किलोपर्यंतचे बाळ मागे तोंड करून, ९ ते १८ किलोचे मूल पुढे तोंड करून खुर्चीच्याच पट्ट्यांत, आणि १५ पासून ३६ किलोंपर्यंतचे बूस्टरवर. बूस्टर म्हणजे पाट : मूल उंच बसते आणि गाडीचा पट्टा गळ्याऐवजी खांद्यावरून जातो. या खुर्च्यांची रुंदी सहसा ४४-४५ सेंटीमीटर. कानांच्या बाजूला पंख, हाताशी पेला ठेवायची कडी असला थाट असेल तर ५० सुद्धा. तीन चोक बारा आणि हातचे घेऊन १३२ सेंटीमीटर झाले. हे झाले कमीत कमी.

माहितीपत्रकात रुंदी छापलेली असते, पण ती बाहेरची. ऑल्टो के-१० ची १४९० मिलिमीटर, वॅगन-आरची १६२०, पंचची १७४२. टियागोची १६७७, म्हणजे ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधल्या १६७६ मिलिमीटरांपेक्षा बरोबर एक मिलिमीटर जास्त. रेल मिलमधून निवृत्त झालेल्या आजोबांना ही गाडी आवडते ती याच कारणाने. या आकड्यातून दोन्ही दारांची जाडी, काच खाली उतरायची पोकळी, आडवा धक्का सोसणारी दांडी आणि पाण्याच्या बाटलीचा खण वजा जातो. उरते ती सव्वा मीटरच्या मागेपुढे. भिलाई १३० मीटर लांबीचा रूळ एकसंध लाटते आणि दोन जोडून २६० मीटरचा करून रेल्वेला देते. लांबीची या गावाला ददात नाही. अडते ते सात सेंटीमीटरपाशी. गावाला त्याबद्दल बोल लावता येत नाही, कारण मोटारीचा पातळ पत्रा इथे होतच नाही. इथून निघतात ते रूळ, तारा, सळया आणि जाड प्लेटा.

शोरूममध्ये या सात सेंटीमीटरांना अस्तित्व नसते. जी. ई. रोडवरच्या कोणत्याही शोरूममधला विक्रेता मागचे दार उघडतो आणि म्हणतो, “सर, पीछे तीन आराम से आ जाते हैं.” तो खोटे बोलत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे तीन माणसे असतात, आणि माणूस दबतो. एक पुढे सरकून बसतो, एक खांदा तिरपा करतो, तिसरा हात वर धरतो. प्लॅस्टिकची खुर्ची यातले काही करत नाही. म्हणून जाणते ग्राहक खुर्च्या बरोबर घेऊन जातात. ऑटोतून तीन खुर्च्या उतरताना पाहिल्या की शोरूमचा पहारेकरी आधी हे दुरुस्तीचे गिऱ्हाईक समजतो. खिडक्यांपाशी दोन खुर्च्या लागतात. तिसरी मध्ये तिरपी घालावी लागते, मग गुडघा देऊन खाली दाबावी लागते. आजोबा खिशातून पोलादी टेप काढतात आणि दारापासून दारापर्यंत तीन वेळा मोजतात. तिन्ही वेळा आकडा वेगळा येतो, कारण सीट मऊ असते.

खरी परीक्षा पुढेच असते. बूस्टरवर बसलेल्या मुलाचा पट्टा ज्या बकलमध्ये जायचा, ते बकल दोन खुर्च्यांच्या फटीत गडप झालेले असते. आईचा हात मनगटापाशी अडतो, बांगडी आत राहते आणि हात बाहेर येतो. तिथवर पोचतील अशी बोटे घरात एकाचीच असतात, सहा वर्षांच्या मोठ्या मुलीची. ती ते टिचकन लावून दाखवते. शेजारच्या भावाचे उघडूनही दाखवते. एवढे झाल्यावर कोणी सुरक्षेबद्दल आणखी काही विचारलेच, तर विक्रेता छताकडे बोट करतो आणि सनरूफ उघडतो. चालत्या गाडीच्या छतातून मुलांना कमरेपर्यंत बाहेर काढून उभे करता येते, या सोयीसाठी या देशात लाखभर रुपये जास्तीचे मोजले जातात. पट्ट्याची तक्रार त्या भोकातून निघून जाते.

तरीही लहान गाडीत तीन खुर्च्या बसत नाहीतच असे नाही. तिन्ही एकाच बनावटीच्या घेतल्या तर रुंद भाग रुंद भागाला भिडतात. खोक्यात जोडे ठेवतात तशी एकीची टाच दुसरीच्या टोकाला आली तर दोन-चार सेंटीमीटर सुटतात. म्हणून एक मागे तोंड केलेली, शेजारी पुढे तोंड केलेली, तिसरा बिनपाठीचा बूस्टर, अशी मिसळ उपयोगी पडते. आयसोफिक्समध्ये अडकवलेली खुर्ची जागची हलत नाही; गाडीच्या पट्ट्याने बांधायची खुर्ची दाराकडे थोडी सरकवता येते, तिला तशी परवानगी असेल तर. मधल्या जागी तीन टोकांचा पट्टा आहे की विमानातल्यासारखा नुसता कमरेचा, हे जुनी गाडी घेताना आधी पाहायचे, रंग नंतर. कमरेच्या पट्ट्यावर बूस्टर लावत नाहीत. मागे तोंड केलेली खुर्ची पुढच्या सीटवर एअरबॅगसमोर कधीच ठेवत नाहीत, कारण फुगणारी पिशवी थेट तिच्या पाठीवर आदळते. आणि ती एअरबॅग बंद करायचे बटण स्वस्त गाड्यांत शोधून सापडत नाही. नाइलाजच असेल तर मोठ्या मुलीला बूस्टरवर पुढे बसवून सीट जाईल तेवढी मागे सारायची. मग आई मागे दोघांच्या मध्ये जाते, म्हणजे सातही सेंटीमीटर आईच्या खात्यातून वळते होतात.

यापुढचा मार्ग तिसऱ्या रांगेचा. २०१९ साली आलेली रेनो ट्रायबर चार मीटरला दहा-पंधरा मिलिमीटर कमी भरते, म्हणून ती कायद्याने लहान. आणि तेवढ्यात तिने सात जागा कोंबल्या आहेत, म्हणून ती संसारात मोठी. दोन खुर्च्या मधल्या रांगेत, एक शेवटच्या, आणि बकल हाताला लागते. तिसरी रांग उघडी ठेवली की सामानाला उरतात ८४ लिटर. त्यात जुळ्यांची जोडगाडी जात नाही. माहेरची पिशवी आणि चकल्यांचा डबा जातो. शेवटच्या रांगेतल्या मुलाचे नाक पुसायचे तर गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागते. मारुतीची ईको दार सरकते म्हणून अनेकांना सुचते, पण तिची रुंदी १४७५ मिलिमीटर, म्हणजे ऑल्टोहून १५ ने कमी. अर्टिगात मात्र सगळे ऐसपैस मावते. पण तिची लांबी चार मीटरच्या बरीच वर. मापाबाहेरची म्हणून ती १८ मधून उठून ४० टक्क्यांत जाऊन बसते. तिसऱ्या अपत्यावर कर नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी हे बिल पाहावे.

या सगळ्या मोजमापावर घरात एक हरकत येते, ती आजींची. “लेकरायले बांधून काऊन ठेवता बाप्पा? मांडीवर घ्या ना.” ही हरकत अनुभवाची आहे. त्यांच्या काळी चार जणांचा संसार स्कूटरवर मावत असे : एक पोर पुढे उभे, एक दोघांच्या मध्ये. तसलेच एक भिजलेले कुटुंब पाहून रतन टाटांना नॅनो सुचली आणि १० जानेवारी २००८ रोजी ती लोकांपुढे आली. तिने त्या संसाराला छप्पर दिले. तिच्या मागच्या सीटची रुंदी हा वेगळा विषय आहे. मांडीचे गणित मात्र जमत नाही. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर १० किलोचे बाळ हातातून सुटते ते १४० किलोंच्या जोराने. तेवढे वजन प्लांटमध्ये क्रेनने उचलतात. कायदाही मांडीच्या बाजूने नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९४ ब प्रमाणे चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याविना किंवा त्याच्या खुर्चीविना नेल्यास दंड १००० रुपये. बरी खुर्ची याच्या काही पट महाग पडते, शिवाय तीन लागतात. दंड कोणी घेत नाही तोवर मांडी फुकट असते, आणि नवरात्रात डोंगरगडला बमलेश्वरीच्या दर्शनाला निघालेल्या गाड्यांत ती भरपूर वापरात असते.

एवढा खटाटोप गाडी बाहेर काढायच्या दिवसांपुरता. शाळेच्या दिवशी मुले मोजायची पद्धत निराळी आहे. बारा वर्षांखालची मुले आसनक्षमतेच्या दीडपट नेता येतात, असा नियम शाळेच्या वाहनांना अनेक ठिकाणी लावला जातो. म्हणजे एक मूल दोन-तृतीयांश माणूस, आणि तीन मुले दोन जागांत. ज्या भागाकारापाशी मोटार कंपन्या आणि आजोबांची टेप अडून बसली, तो या नियमात परस्पर सुटलेला आहे.

सकाळी पावणेसातला सेक्टरच्या कोपऱ्यावर व्हॅनचा हॉर्न वाजतो आणि तिघेही धावत सुटतात. व्हॅनमध्ये दोन सीटांच्या मधल्या जागेत चालकाने लाकडी फळी टाकली आहे, वर रेक्झिन खिळ्यांनी ठोकलेले. जुळी त्या फळीच्या टोकाला बसतात. मोठी तिघांचे डबे मांडीवर घेते आणि एका हाताने मागचे दार ओढून धरते, कारण त्याची कडी नीट लागत नाही. क्वार्टरपुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी असते, मागच्या सीटवर तीन खुर्च्या आवळून बांधलेल्या.