आयकराला गरीब, बँकेला श्रीमंत

पुण्यात घर घ्यायला निघालेल्या एका जोडप्याची फाइल सध्या बँकेत पडून आहे. नवरा फर्निचरची कंत्राटं घेतो, बायको घरून डबे पुरवते. दोघंही कुणाचे नोकर नाहीत, हा पहिला गुन्हा. पगारदाराला उद्या कंपनीने घरी बसवलं तरी चालतं. आज त्याच्या खिशात सॅलरी स्लिप असते ना!

नवऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाख. आयकर कायद्याच्या कलम ४४ एडीखाली ८ टक्के नफा दाखवला की हिशेबाच्या वह्यांची कटकट मिटायची. म्हणून वर्षानुवर्षं तो आयकर खात्यापुढे ३ लाख २० हजारांचा गरीब म्हणून उभा राहिला. कर शून्य, सीए खूश. आता तीच रिटर्नं बँकेने वाचली. महिन्याला साडेसव्वीस हजार, त्यातले निम्मे हप्त्याला, म्हणजे कर्ज बसतं साधारण १५ लाखांचं. एवढ्यात पुण्यात फ्लॅटचं ब्रोशर घरी नेता येतं.

मग सिबिलचा पतअहवाल. २०२० च्या लॉकडाउनमध्ये क्रेडिट कार्ड थकलं होतं. वसुलीवाला मधाळ आवाजात म्हणाला, ‘दादा, निम्मे भरा, विषय संपवा.’ दादांनी भरले. अहवालात ‘सेटल्ड’ असा शिक्का बसला. तो पुसायचा तर सोडलेले निम्मेही भरा आणि ‘क्लोज्ड’ करून आणा, असं आता बँक सांगते. सूट देऊन ती काही वर्षांनी वसूल करण्याची ही युक्ती जुन्या सावकारांना सुचली नाही. अडाणी होते बिचारे.

वहिनींचं सगळं स्वच्छ. जन्मात कुणाचा रुपया उसना घेतला नाही. ३०० ते ९०० गुणांच्या या परीक्षेत त्यांना मिळाले उणे १. कर्ज फेडायची लायकी सिद्ध करायला आधी कर्जात बुडालेलं असावं लागतं, हे त्यांना माहेरी कुणी शिकवलंच नव्हतं.

शेवटी सीएने तोडगा काढला. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर नाही. मग ३० टक्के नफा दाखवायला आपलं काय जातं? दाखवला. कर पुन्हा शून्य. दादा रिटर्न घेऊन ऐटीत बँकेत गेले. साहेबांनी चष्मा वर सरकवला.

‘एका वर्षात नफा जवळजवळ चौपट? धंदा इतका जोरात असेल, तर कर्ज कशाला काढताय?’