फ्यूज

सफरचंद, सुरई असल्या बाळबोध वस्तू रंगवत बसणं माझ्या इभ्रतीला शोभणारं नव्हतं. म्हणून तैलरंगाचा श्रीगणेशा थेट जॉर्ज द ला तूरच्या ‘सुतार जोसेफ’पासून केला. मूळ चित्र १६४२च्या सुमाराचं, पॅरिसच्या लूव्रमध्ये. नक्कल सिडकोत, गच्चीवरच्या खोलीत. म्हातारा वाकून गिरमिटानं भोक पाडतोय आणि लहानगा येशू मेणबत्ती धरून आहे. चित्रात उजेड तेवढाच. हा ला तूर १६५२मध्ये वारला आणि १९१५पर्यंत जग त्याला विसरून गेलं होतं. म्हणजे माझ्याही हातात अजून अडीचशे वर्षं आहेत.

नक्कल करण्यात कमीपणा नाही, हे मी घरात रोज ऐकवतो. आपल्या भागाची परंपराच आहे ती! मद्रास पलटणीतला रॉबर्ट गिल १८४४मध्ये अजिंठ्याला लागला, तो वर्षानुवर्षं लेण्यांच्या अंधारात डोळे फोडत नकला काढत राहिला. त्यातल्या बहुतेक १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जेजे स्कूलच्या ग्रिफिथ्सनं तिथली पोरं आणून पुन्हा नकला काढल्या. त्यातल्याही बऱ्याच लंडनमध्येच जळाल्या. आणि गंमत बघा, अजिंठ्याच्या पद्मपाणीवर उजेड कुठून येतो ते सांगताच येत नाही, तो जणू आतूनच...

“तुमचं कधी पाठवायचं लंडनला?” बायकोनं विचारलं.

तर, नियम सोपा आहे. तपकिरी अस्तर, सावल्या पातळ, उजेड जाड. मी सावल्याच जाड थापल्या. आठ दिवसांत जोसेफ डांबरात रुतला. मुलाच्या बोटांतून ज्योतीचा उजेड आरपार येतो, ती तर या चित्राची खरी करामत. माझी गाजरं झाली.

शेजारचे काका आले. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले. “फ्यूज बांधतायत का हो?”

मी दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. रात्री मात्र झोप लागेना.

लहानपणी लाईट गेली की अण्णा स्टुलावर चढायचे. बंडीच्या खिशात टेस्टर, दातांत तार. मेणबत्ती माझ्याकडे. माझं सगळं लक्ष भिंतीवर हलणाऱ्या सावलीकडे असायचं. “नीट धर रे, दिसत नाहीये!” वाऱ्यानं विझू नये म्हणून मी दुसरा हात आडवा धरायचो. बोटं लालभडक दिसायची, तीच बघत बसायचो. अण्णांचा चेहरा त्या उजेडात कसा दिसायचा, ते आता कितीही आठवलं तरी आठवत नाही.

सकाळी गाजरं पॅलेट नाइफनं खरवडली. मग जोसेफच्या अंगरख्याला खिसा काढला आणि त्यात टेस्टर खोचला. नक्कल म्हणून चित्र आता बाद आहे, पण टेस्टरवर उजेड मात्र अगदी बरोबर पडलाय.