सुरका आणि चपटी

बिनखिशाच्या कपड्यात चपटी ठेवायची कुठे, हा प्रश्न स्कॉटलंडात किल्ट नेसणाऱ्याला पडतो आणि रेवसला सुरका नेसणाऱ्याला. चपटी म्हणजे १८० मिलिलिटरची, पोट सपाट असलेली बाटली. ७५० चा खंबा, ३७५ चा अद्धा आणि ९० ची नव्वदी ही तिची भावंडं. पण अंगावर बाळगण्याच्या दृष्टीने विचार करण्याजोगी तीच. खंब्याला पिशवी लागते, आणि पिशवी आली की प्रश्नच मिटला. नव्वदी बाळगावी लागण्याइतकी टिकत नाही. साहेबी हिप फ्लास्क साधारण सहा औंसांची असते, म्हणजे मापाला जवळजवळ चपटीच. फरक घडणीचा. फ्लास्क कमरेच्या वळणाला धरून आत वाकवलेली असते; चपटी ताठ. माणसाच्या शरीराशी जुळवून घेण्याची जबाबदारी तिने कधी पत्करली नाही.

सुरका म्हणजे कोळी नेसतात ते चौकड्यांचं चौकोनी कापड. ते तिरपं दुमडलं की त्रिकोण होतो. दोन टोकांची कमरेला गाठ बसते आणि तिसरं टोक पायांतून मागे जाऊन खोचलं जातं. रुमाल असंही त्याला म्हणतात. किल्टशी त्याचं साम्य चौकड्या आणि खिसे नसणं, एवढंच. पुऱ्या किल्टला आठ वार कापड लागतं, तेव्हा तिची खरी मावसबहीण म्हणजे मासळीबाजारात पाटी पुढे घेऊन बसलेली नऊवारी. किल्टच्या आत काय घालतात, असं पर्यटक स्कॉटलंडात दबकत विचारतात. जुन्या पद्धतीने नेसलेला सुरका पाहिल्यावर ती शंका शिल्लक राहत नाही.

सुरका तोकडा का, याचं उत्तर ओहोटीला मिळतं. रेवस धरमतर खाडीच्या तोंडाशी, पलीकडे उरणचं करंजा. पाणी हटलं की काठाला गुडघाभर चिखल उघडा पडतो. त्या चिखलातून होडी ढकलणाऱ्याच्या अंगावर धोतर असेल तर होडीआधी धोतर रुततं. सुरका भिजतो आणि वाऱ्यावर वाळतो. अंगावर काही न बाळगण्यासाठीच तो घडला आहे, आणि त्यात बाटली बाळगू पाहणारा माणूस कापडाच्या मूळ हेतूविरुद्ध वागत असतो. तरीही तो वागतो, म्हणून पुढचं विवेचन.

स्कॉटिश माणसाने ही अडचण लपवली नाही. त्याने कमरेभोवतीच्या साखळीला चामड्याची थैली अडकवली, ती नेमकी पुढे मध्यभागी लटकवली आणि वर गोंडे लावले. तिला स्पोरन म्हणतात. लहान सुरी पायमोज्यात गेली; फ्लास्क स्पोरनमध्ये, किल्ल्या आणि सुट्या पैशांच्या शेजारी. नाचताना थैली आदळते, म्हणून काही जण ती तेवढ्यापुरती कुशीवर सरकवतात. हा उपाय जमिनीवर उत्तम आहे. होडीवर नाही. डोलजाळं ओढताना पुढे लोंबणारी कोणतीही वस्तू आधी जाळ्यात गुंतते, आणि मागोमाग तिचा मालक. पायमोज्याचा तर रेवसला विचारच नको.

राहिली कमर. धोतराला कनवट असते. कापडाच्या त्या गुंडाळीत पैसे, तंबाखूची चंची, वेळप्रसंगी चपटीही मावते. सुरक्याला तेवढं कापड नाही, म्हणून भार येतो करगोट्यावर. बाटलीचा गळा करगोट्यात अडकवून तिचं पोट कुशीवर सुरक्याच्या गाठीखाली दाबलं की उभ्या माणसाची सोय होते. पण उभं राहून मासे मिळत नाहीत. पहिल्या वाकण्याला बाटली बेंबीकडे सरकते, दुसऱ्याला आडवी होते, आणि तिसऱ्याला पत्र्याच्या बुचाची धार अशा ठिकाणी टेकते की तांडेलाला वाटावं, खलाशाला आज फारच हुरूप आलाय. खाऱ्या पाण्याने लेबल सुटतं ते निराळंच. त्यानंतर आत काय होतं, हे पिऊनच ठरवावं लागतं.

या किनाऱ्यावर कमरेची खरी विद्या भंडाऱ्याकडे. माडी काढायला चढणारा भंडारी कमरेच्या दोरीला मागच्या बाजूला आकडी बांधतो आणि तिच्यात कोयता अडकवतो. माडी उतरवायला वाळलेल्या दुधी भोपळ्याचं भांडं. दोन्ही हात माडाला मोकळे, धार पाठीमागे, माल लटकता. जाताना भांडं रिकामं आणि येताना भरलेलं, हा क्रमही चपटीवाल्याच्या नेमका उलटा. स्पोरनपेक्षा ही रचना सरस आहे, याबद्दल दुमत नसावं. मात्र आकडीत कोयता राहतो तो त्याच्या वाकामुळे. चपटीला वाक नाही, हे वर आलंच आहे.

बंडीच्या आतल्या खिशात बाटली मावते, पण काम सुरू झालं की बंडी उतरते. ती होडीच्या फळीवर पडून राहते, आणि तिच्यातली बाटली संध्याकाळी सापडते ती हलकी होऊन. टोपीत विडी-काडेपेटी कोरडी राहते. १८० मिलिलिटर डोक्यावर पेलत सुकाणू धरणं कोणाला साधलेलं नाही. पोट ही जागा काही जण सुचवतात. ती साठवण नव्हे, वापर आहे. येथे तिचा विचार केलेला नाही.

या विषयात सर्वांत मोठी प्रगती घडवली ती दारूबंदीने. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर दारू कपड्यात ठेवणं हा शौक न राहता धंदा झाला, आणि धंद्याला डोकं लागतं. मुंबईत हातभट्टीचा माल चक्क गाडीच्या चाकातल्या रबरी ट्यूबांतून फिरू लागला. ट्यूब अंगाभोवती गुंडाळून वर लुगडं नाहीतर सैल सदरा. ट्यूब कमरेचं वळण बिनतक्रार मानते, वाकलं तरी टोचत नाही आणि फुटत नाही. फ्लास्कच्या कारागिरांना जे धातूत जमवावं लागलं, ते भट्टीवाल्यांनी पंक्चरच्या दुकानातून उचललं. एकच उणीव: पेयाला टायरचा वास येई. काहींना पुढे तो नसला की चुकल्यासारखं वाटे म्हणतात. मासळीच्या पाटीत, बोंबलांच्या थराखाली बाटली ठेवणंही तितकंच पक्कं. तिथवर हात घालायची हौस कुठल्याच शिपायाला नसते.

होडीपुरता निकाल साधा आहे: चपटी माणसाने बाळगू नये, होडीने बाळगावी. खणात मासळीसाठी बर्फ असतोच. तिथे ती कोणा एकाची राहत नाही, हा दोष. पण तांडेलाच्या नजरेखाली राहते आणि धक्क्याला लागेपर्यंत बूच उघडत नाही, हा त्याहून मोठा गुण. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. गटारी बहुधा याच काळात किंवा त्याच्या आसपास येते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या आणि माणसं लुंगीत. लुंगीला गुंडाळी भरपूर.

सुरका आता मुख्यत्वे हळदीला आणि नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत दिसतो, तोही बहुधा हाफ पँटवर नेसलेला. हाफ पँटला खिसे असल्यामुळे प्रश्न सुटला असं वरकरणी वाटतं. पण खिशातल्या चपटीवरून सुरका उचलला जातो, चौकड्या वाकड्या होतात, आणि मांडवातल्या मावशीला कोणाकडे माल आहे ते लांबूनच कळतं. बँजो सुरू झाल्यावर तर आकारही कळतो.

परवान्याची बाब याहून अवघड. राज्यात दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि बाळगायला-प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा मिळतो, आजन्मही मिळतो. कागदाचा परवाना सुरक्यात ठेवला तर आजन्म परवान्याचंही आयुष्य एका लाटेपुरतं. मोबाइलसाठी गळ्यात अडकवायच्या प्लास्टिकच्या पाकिटात तो घडी करून मावतो. चपटी त्यात मावत नाही.

रिकाम्या बाटलीला जागेची अडचण नसते. प्लास्टिकची असेल तर बूच घट्ट लावून ती जाळ्याच्या दोरीला बोया म्हणून बांधतात.