निलाजरं गाव

तोक्योहून शिंकान्सेन पकडली की पाऊण तासात अतामी येतं. येतं म्हणजे, 'कोदामा' पकडली असेल तर. 'नोझोमी' ही गाडी अतामीला थांबत नाही. तिच्यातून अतामी नुसतं दिसतं. बोगदा, हॉटेलांच्या गच्च्या, समुद्राचा तुकडा, की पुन्हा बोगदा. डोंगर इथे सरळ समुद्रात पाय सोडून बसलेत आणि त्यांच्या अंगावर हॉटेलं दाटीवाटीने उभी आहेत. १९५०-६०च्या सुमारास नवी जोडपी मधुचंद्राला इथेच यायची. मग कंपन्यांच्या सहली आल्या, मग त्याही आटल्या, हॉटेलांना कुलपं लागली, आणि आता तरुण पोरंपोरी बरणीतलं पुडिंग खायला रांगा लावतात. एवढे चढउतार बघितल्यावर गावाने एकच गोष्ट कायमची टाकून दिलेली दिसते, ती म्हणजे लाज. हे मी कौतुकाने लिहितोय.

आमची फौज तिघांची: मामा, मामी आणि मी. मामांचा मुलगा तोक्योत निशी-कासाईला राहतो. तिथे आपली माणसं एवढी की परदेशात आल्याचं मामींना पटायलाच वेळ लागला. अतामीची ख्याती गरम पाण्याच्या कुंडांची. पण मामा दापोलीचे, कुंडाचं त्यांना काय अप्रूप! "आमचं उन्हवरे आहे की," हे वाक्य ते जपानी सृष्टिसौंदर्याच्या तोंडावर अधूनमधून फेकत होते.

किनाऱ्यावरचं पहिलं प्रेक्षणीय स्थळ म्हणजे एक लाथ. टोपी, खांद्यावर झगा, पायात लाकडी खडावा अशा थाटातला एक विद्यार्थी किमोनोतल्या तरुणीला लाथ मारतोय, आणि ती वाळूत कोसळलेली, असा भलाथोरला पुतळा. ओझाकी कोयो या लेखकाची 'कोन्जिकी याशा' ही कादंबरी १८९७पासून 'योमिउरी' वर्तमानपत्रात क्रमशः येत होती. तिच्यातले हे कानइची आणि ओमिया. ओमियाने हिऱ्याची अंगठी घालणाऱ्या धनिकाशी लग्न ठरवलं, म्हणून १७ जानेवारीच्या चांदण्या रात्री या किनाऱ्यावर कानइचीने तिला झिडकारलं. १९०३मध्ये लेखक वारला. कादंबरी अपुरी राहिली, लाथ मात्र पुरी झाली. गावात दर १७ जानेवारीला लेखकाच्या नावाने उत्सव असतो. हल्ली पुतळ्याशेजारी पाटी आहे, की यातून हिंसेचं समर्थन करण्याचा हेतू नाही. पाटीखाली जोडपी लाथ मारतानाचे फोटो काढत होती.

मामींनी सगळी कथा ऐकून घेतली. "मग पुढे तो काय झाला?"

"सूड म्हणून सावकार झाला. व्याजाने पैसे देणारा."

"म्हणजे ती पैशाच्या मागे लागली म्हणून लाथ, आणि हा लागला तर पुतळा!"

डोंगराच्या टोकावर पांढराशुभ्र किल्ला दिसतो. मामा हर्णैचा सुवर्णदुर्ग बघत मोठे झालेले. किल्ला म्हटला की त्यांच्या अंगात इतिहास संचारतो. इथे कोण सरदार होता, तटबंदी कुठली, पाण्याची सोय काय, प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. मी सांगितलं की हा किल्ला १९५९ साली पर्यटकांसाठी बांधला, त्याआधी इथे किल्ला नव्हता.

"म्हणजे लढाई कधी झालीच नाही?"

"झाली. १९६२ साली. किंगकाँग आणि गॉडझिला यांच्यात."

हे खरं आहे. त्या वर्षीच्या सिनेमात दोघांनी मिळून या किल्ल्याचा चुराडा केला आणि समुद्रात पडले. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. रोपवेच्या वरच्या टोकाला फक्त प्रौढांसाठी असलेलं एक संग्रहालय आहे. तिथली पाटी मामींनी वाचण्याच्या आत आम्ही खालची वाट धरली.

गावात 'ओयु' नावाचं उकळतं कारंजं आहे. पूर्वी ते आपोआप उसळायचं. विसाव्या शतकात ते दमलं, तेव्हा १९६२ साली गावाने यंत्र बसवून त्याला पुन्हा कामाला लावलं. मोडलं तर पंप लावू, नसेल तर काँक्रीटचं बांधू, पण पाहुणा रिकाम्या हाताने जाता कामा नये, हे या गावचं धोरण. कारंज्याशेजारी एका कुत्र्याचं थडगं आहे. ब्रिटिशांचा जपानमधला पहिला राजनैतिक प्रतिनिधी रदरफर्ड अलकॉक १८६०मध्ये फुजी चढून इथे आला, तेव्हा त्याचा टोबी या कारंज्यात भाजून मेला. 'बिचारा टोबी' अशा अर्थाचा इंग्रजी दगड साहेबाने बसवला, गावाने तो जपला. पलीकडे टेलिफोनचं स्मारक. १ जानेवारी १८८९पासून जपानने लांबच्या टेलिफोनची चाचणी घेतली ती तोक्यो आणि अतामी या दोन गावांत. सरकारातले बडे लोक इथे डुंबायला येऊन बसायचे. 'साहेब अंघोळीला गेलेत' हे राजधानीला कळवण्याची सोय देशाने अशी सर्वांत आधी केली.

आता अंघोळ. खरा विषय हाच, आणि मामा सकाळपासून तो टाळत होते.

रयोकानमध्ये, म्हणजे जपानी पद्धतीच्या उतारशाळेत, पोचल्या पोचल्या युकाता मिळतो. सुती, दोरीने बांधायचा. मामांनी तो चढवून व्हरांड्यात पाऊल टाकलं मात्र, तिथली बाई अक्षरशः धावत आली आणि माफी मागत मागत तिने तो सोडून पुन्हा बांधला. डावी बाजू वर घ्यायची असते. उजवी बाजू वर फक्त मेलेल्या माणसाची घेतात. "तरीच समोरचे इतके वाकून नमस्कार करत होते," मामा म्हणाले.

मग दाराशी गोंदणाची पाटी. जपानमध्ये अंगावर चित्रं म्हणजे गुंडांच्या टोळीतला माणूस, असा जुना समज आहे, त्यामुळे अशांना पुष्कळ ठिकाणी पाण्यात उतरू देत नाहीत. मामींच्या हातावर त्यांच्या आजीने हौसेने काढवून घेतलेलं इवलंसं तुळशीवृंदावन आहे. काउंटरवरच्या मुलीने ते पाहिलं, अतिशय आदबीने कातडीच्या रंगाची पट्टी काढली आणि वृंदावनावर चिकटवली. "इतका संसार झाला," मामा म्हणाले, "आज कळलं मी कोणाच्या टोळीत आहे." मामी लाल पडद्याआड गेल्या, आम्ही निळ्या.

आत नियम साधा: अंगावर चिंधीदेखील नको. मामांनी पट्ट्यापट्ट्यांच्या अर्ध्या विजारीची बाजू जोरात लढवली. "विहिरीवर, नदीवर, घाटावर, साऱ्या गावादेखत अंघोळी केल्यात मी. पण पंचा नावाची वस्तू असते ना!" पंचा मिळाला, तो हातरुमालाएवढा. पुढे धरावा तर मागची बाजू उघडी, मागे धरावा तर प्रश्नच मिटला. शिवाय तो पाण्यात बुडवायचा नाही. आधी बुटक्या स्टुलावर बसून अंग घासघासून धुवायचं, साबणाचा थेंब राहता कामा नये, आणि स्वच्छ झाल्यावर कुंडात उतरायचं. म्हणजे अंघोळ करून झाल्यावर अंघोळीला जायचं. कुंडात शिरताना जाणकार मंडळी तो रुमाल घडी करून डोक्यावर ठेवतात. अख्ख्या देहात जो भाग झाकायची गरज कधीच नव्हती, तेवढाच झाकलेला.

पाणी बेचाळीस अंशांचं, चवीला खारट. मामा कडेला उकिडवे बसून एकेक बोट बुडवून बघत होते. "उन्हवऱ्याला एवढं..." वाक्य पुरं व्हायच्या आत दार सरकलं आणि एप्रन बांधलेल्या एक प्रौढ बाई बादल्या नीट लावायला आत आल्या. पुरुषांच्या कुंडात साफसफाईला बायका येतात आणि त्याकडे कोणी मान वळवूनही बघत नाही, ही माहिती मामांना नव्हती. त्या क्षणी बेचाळीस अंश की ब्याऐंशी, हा मुद्दा गौण ठरला. कुंडातलं निम्मं पाणी बाहेर आलं. बाईंनी सवयीने ते फडक्याने निपटलं, वाकून नमस्कार केला आणि गेल्या.

त्यानंतर मामा बाहेर निघेचनात. मानेपर्यंत बुडून, डोक्यावर रुमाल ठेवून ते इतके निवांत झाले की शेजारच्या म्हाताऱ्याशी त्यांचं संभाषण जमलं. म्हाताऱ्याने समुद्रातल्या बेटाकडे बोट दाखवून म्हटलं, "हात्सुशिमा." मामांनी मागच्या डोंगराकडे बोट दाखवून म्हटलं, "दापोली." म्हाताऱ्याने दापोली दिसल्यासारखी मान डोलावली.

रात्रीच्या जेवणात पंधरावीस वाट्या-बशा, प्रत्येकीत घासभर. मामी शाकाहारी, पण इथे निरुपद्रवी दिसणाऱ्या भाजीच्या रसातही सुक्या माशाचा अर्क असतो. त्या भात, लोणचं आणि बॅगेतलं मेतकूट यांवर जेवल्या. मामांनी त्यांच्याही वाट्या संपवल्या, केवळ अन्नाचा अपमान नको म्हणून.

सकाळी किनोमिया देवळात गेलो. तिथे दोन हजारांहून जास्त वर्षांचा कापराचा वृक्ष आहे, बुंध्याचा घेर चोवीस मीटरच्या आसपास. त्याला एक फेरी मारली की आयुष्य एका वर्षाने वाढतं म्हणतात. मामांनी जोरात सुरुवात केली. फेऱ्या वाढत चालल्या तशा मामी बेचैन झाल्या. "अहो, पुरे आता! वटपौर्णिमेला सात जन्म मागून बसलेय, त्यात ही भर कशाला?"

परतीच्या वाटेवर सुक्या माशांचं दुकान लागलं. जाळ्यांवर मधोमध चिरून वाळत घातलेले मासे बघून मामांना माहेर भेटलं. त्यांनी एक मासा उचलून नाकाशी नेला, पोटाकडची बाजू अंगठ्याने दाबली आणि मराठीत भाव करायला घेतला. दुकानदार हसत हसत किमतीच्या पाटीकडे बोट दाखवत राहिला. दोघांपैकी कोणीही हटेना. शेवटी पाटी जिंकली, आणि चाकांच्या बॅगेत माशांची भर पडली.

अतामीचं स्टेशन वर डोंगरात आहे आणि रस्ता भिंतीसारखा चढा. चढताना मी मामांना जुनी गोष्ट सांगितली. १८९५ साली इथे माणसांनी ढकलायची रेल्वे सुरू झाली, पुढच्या वर्षी ती ओदावारापर्यंत पोचली. आज शिंकान्सेनला दहाएक मिनिटं लागतात ते अंतर ती चार तासांत कापायची. तिकिटाचे तीन वर्ग होते. चढ आला की पहिल्या वर्गाने बसून राहायचं, दुसऱ्याने उतरून चालायचं आणि तिसऱ्याने उतरून ढकलायचं.

"छान व्यवस्था," मामी म्हणाल्या, आणि बॅगेची मूठ मामांच्या हातात दिली. "मी पहिल्या वर्गाची. मासे तुमचे आहेत, ढकला."

मामांनी आशेने माझ्याकडे बघितलं. मी दुसऱ्या वर्गात होतो.