जरा डावीकडं!

चुडाव्यात आमच्या दाजींना पोरं पाठीमागं 'जरा डावीकडं' म्हणतात. पूर्णा-नांदेड लाइनीवरच्या या गावात मोबाईल घरोघरी आहे. पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन उभ्या, दोन आडव्या रेघा कायम चालू असतात त्या दाजींच्याच. ताटातला ठेचासुद्धा ते रेघ बघून ठेवतात. अक्का करवादते, "अहो, खा की आधी!"

"माणूस मधोमध उभा केला की फोटू मेला," हे दाजींचं ठाम मत. त्यानं एक तृतीयांशावर, रेघेपाशी उभं राहायचं. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रजानं हा नियम १७९७ सालीच लिहून ठेवला, हे ते सातबारा दाखवावा तसं सांगतात. तेव्हा कॅमेराच नव्हता, स्मिथ चित्रांबद्दल लिहीत होता, हे बोलायची सोय नाही.

दुसरा शत्रू विजेचा खांब. "मावशी, डोक्यातून खांब उगवलाय, सरका!" मावशी सरकतात, तर मागं पाण्याची टाकी येते. "गौतम राजाध्यक्षांनी माधुरीचा फोटू काढला, तिच्यामागं टाकी होती का?" मावशी म्हणतात, "तिला भाकरी थापायच्या नव्हत्या."

पोळ्याला तर कहर झाला. जनावर बघतं त्या बाजूला जागा सोडायची, हा नियम. दाजींनी बैलासमोर ऐसपैस जागा सोडली, तर बैलानं तोंड फिरवलं. दाजी पळत पलीकडं गेले, बैल पुन्हा अलीकडं. शेवटी फोटोत आली ती शेपटी. "पण रेघेवर आहे," दाजी म्हणाले.

भाचीचा स्थळासाठी फोटो काढला तो कमरेपर्यंत, कडेला, बाकी सगळं आभाळ. मध्यस्थ म्हणाला, "फोटू आभाळाचा हाय का पोरीचा? उंची कळंना, पाय दिसंनात." दाजींनी दात-ओठ खात तिला बरोबर मधोमध, नखशिखान्त उभी करून टिपली. लग्न त्याच फोटोवर जमलं. दाजी तो कुणाला दाखवत नाहीत.

थट्टा जाऊ द्या. लेकरांचा फोटो काढताना हा साठीचा माणूस धोतराची पर्वा न करता मातीत उकिडवा बसतो, लेकराच्या डोळ्यांच्या उंचीला येतो. आम्ही सगळे उभ्यानं, वरून काढतो. आमच्या फोटोत नुसती टाळकी येतात. हळद शिजवताना त्यांनी आईला उतरत्या उन्हासमोर बसवलं, वाफ उजळून निघाली. तसला फोटो नांदेडच्या स्टुडिओतही निघाला नसता.

तेव्हा दाजींना कार्याला जरूर बोलवा. फक्त पंगत आधी उरकून घ्या, आणि विजेच्या खांबाजवळ मांडव घालू नका.