साडेतीनशेचा ज्वालामुखी

"भाऊ, साधा पायजे का वर्किंग?"

मी अमरावतीत राजकमल चौकाजवळच्या एका स्टेशनरीच्या दुकानात उभा होतो आणि प्रश्न ज्वालामुखीचा होता. साधा साडेतीनशे, आतून लाल लाइट पेटणारा साडेचारशे, वर खायच्या सोड्याची पुडी फुकट. फिरणारी सूर्यमाला सहाशे, न फिरणारी चारशे. प्लूटोला २००६ साली ग्रहांच्या यादीतून काढलं, तेव्हापासून एक चेंडू कमी लागतो, तरी भाव काही उतरला नाही, असं मी म्हणून पाहिलं. "थर्माकोल बी महाग झालं ना जी," दुकानदार म्हणाला. त्याच्या मागं 'प्लास्टिकमुक्त वऱ्हाड' नावाचं मॉडेल वाळत ठेवलं होतं. अख्खं थर्माकोलचं. २०१८ साली राज्य सरकारनं थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवर बंदी आणली. विज्ञान त्यातून सुटलं असावं.

साडेतीनशे मोजणार तोच बायकोचा फोन. "अहो, विकतचा आणू नका, मॅडम ओळखतात. सूचनेत 'विद्यार्थ्याने स्वतः' असं लिहिलंय."

'स्वतः' या शब्दाचा अर्थ आमच्या कॉलनीत ठरलेला आहे. तिसरीपर्यंत स्वतः म्हणजे बाप. चौथीपासून स्वतः म्हणजे आई, कारण तोवर बापाची अक्कल शाळेला कळलेली असते. सहावीला मात्र प्रकरण गंभीर होतं. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवड झाली तर मुलाच्या खात्यात १०,००० रुपये जमा होतात, पण कल्पना मुलाची स्वतःची असावी लागते. आमच्या शेजारचे एक इंजिनिअर गेली दोन वर्षं आपल्या मुलाची स्वतःची कल्पना शोधत आहेत.

आमचं पोट्टं तिसरीत. म्हणून शनिवारी रात्री हॉलमध्ये मी कामाला बसलो. कोल्ड्रिंकची बाटली, भोवती जुन्या पेपरांचे बोळे, वरून मैद्याची खळ. चिरंजीव तीनदा जवळ आले आणि तीनदा "सरक, रंग लागन" असं ऐकून परत गेले. मग त्यांना कात्री आणून द्यायचं काम मिळालं, तेही मी दोनदा जोरात ओरडल्यावर काढून घेतलं. तेवढ्यात अकोल्याहून साडूंचा व्हिडिओ कॉल. त्यांच्या मुलीलाही ज्वालामुखीच होता. साडूंनी तो गणपतीच्या मूर्तिकाराकडून करवून घेतला होता: तीन फूट उंच, धूर निघणारा, पायथ्याशी पळणारी माणसं. मे महिन्यात जिथं पारा ४५ च्या वर जातो त्या गावाला वेगळा ज्वालामुखी कशाला लागतो, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण साडू वयानं मोठे. "छानच झाला," म्हणालो आणि माझ्या सव्वा फुटी डोंगराला आणखी एक पेपर चिकटवला.

बेकार झालेलं पोट्टं आजीजवळ जाऊन बसलं. आमच्या हॉलच्या भिंतीला एक तिरकी भेग आहे. तिच्यात बोट घालून त्यानं विचारलं, "आजी, हे काहून फाटलं?"

"काया मातीवरचं घर हाय बापू. पाणी पडलं का भुई फुगते, उन्हाळ्यात वावर कसं उलते, तशी उलते. भिंत काय करन बिचारी?"

पोट्टं उठलं, मागच्या रिकाम्या प्लॉटमधून वाळलेली माती आणली, कुटली, स्टीलच्या नको म्हणून काचेच्या ग्लासात घातली, बाहेरून पेनानं रेघ मारली आणि वरून पाणी ओतलं. रविवारी संध्याकाळी ओरडत आलं की माती रेघेच्या वर चढली. त्या वेळी माझ्या लाव्हाचा दुसरा हात वाळत होता. "ग्लास जागेवर ठेव," एवढंच मी म्हणालो. सिव्हिल इंजिनिअर जमीन तपासताना हेच करतात, हे मला नंतर कळलं: १० ग्रॅम वाळलेली माती एका नळीत पाण्यात, तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये, २४ तास तशीच. रॉकेलात माती फुगत नाही. दोन्हींतल्या फरकावरून घर पुढं कसं वागणार याचा अंदाज बांधतात. आमच्या पोट्ट्यानं फक्त रॉकेल वगळलं होतं. रेशनवर तरी आता कुठं मिळतं ते!

सोमवारी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या एका रांगेत सात ज्वालामुखी होते. मुलं पुढं, आईबाप मागं, ओठ हलवत. परीक्षक आले. "माय नेम इज…" पासून "थँक यू" पर्यंत पाठ केलेलं सगळं पोट्ट्यानं एका श्वासात सांगितलं, व्हिनेगर ओतलं, लाल फेस भसाभसा वर आला. टाळ्या पडायच्या आत त्यानं फेसात बोट बुडवलं.

"सर, हे तर गार हाय!"

परीक्षक हसले. "लाव्हा गरम असतो बेटा."

"नाही सर, हात लावून पहा."

सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की उष्णता शोषली जाते, मिश्रण गारच पडतं. त्या सबंध हॉलमध्ये त्या दिवशी स्वतःच्या बोटानं केलेलं निरीक्षण तेवढं एकच झालं असावं. पण चार्टवर 'हॉट लाव्हा' असं मीच लिहिलं होतं. पोराचे गुण गेले आणि बायकोनं माझ्याकडं पाहिलं.

शेजारचे बाबा सांत्वनाला आले. म्हणाले, "जाऊ द्या, आपल्याकडं खरा ज्वालामुखी कुठं हाय? एक लोणार सोडलं तर." लोणार उल्केनं पडलेलं विवर आहे, पावणेदोन किलोमीटरच्या वर रुंद. ते विवर ज्या काळ्या पाषाणात पडलं तो मात्र लाव्हाच. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर पसरत गेला. चिखलदऱ्याला जाताना डोंगराला ज्या पायऱ्या दिसतात ते तेच थर. तो पाषाण झिजून आपली काळी माती झाली आणि तिच्यात कापूस आला. आणि हा लाव्हा बहुतेक करून टोकदार डोंगराच्या तोंडातून आलाच नाही, जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला. म्हणजे माझं मॉडेल जपानचं होतं. वऱ्हाडचं करायचं तर नुसती भेग करावी लागली असती, आणि ती हॉलमध्ये तयारच होती.

अकोल्याला भाचीचा पहिला नंबर आला. फोटोत प्रशस्तिपत्रक तिच्या हातात आहे, मधोमध साडू आहेत, मूर्तिकार नाही.

आमचा ज्वालामुखी घरी परत आला. माळ्यावर मावेना, टाकवेना. दोन रात्रींची मेहनत होती. काचेचा ग्लास पाहुण्यांचा असल्यानं बायकोनं माती फेकून घासून टाकला. शेवटी आजीनंच जागा काढली. हॉलच्या भिंतीशी स्टूल ठेवलं, त्यावर ज्वालामुखी. भेग झाकली जाते, वरचा वीतभर भाग तेवढा दिसतो. उन्हाळ्यात ती आणखी चढणार. साडूंचा तीन फुटी आहे, मेच्या आत मागून घ्यावा म्हणतो.