कृष्णामाईचा ‘एल’

‘टेबलाला कसलं आलंय लिंग?’ स्पॅनिशच्या पहिल्याच धड्यावर साताऱ्याचा आमचा भाचा वैतागला. टेबल तिकडे ‘ला मेसा’, म्हणजे ती. तो ओठ, ती जीभ, ते नाक एकाच तोंडावर वागवणाऱ्या मराठी माणसाची ही तक्रार! तिथे निदान लिंगं दोनच, शिवाय ‘एल’ नि ‘ला’ आधीच पाटी घेऊन उभे. आणि इकडे त्याची सांगलीची मावशी ‘मी आलो’ म्हणत घरात शिरते, तेव्हा व्याकरण बाहेर चपलांपाशीच थांबतं.

खरी पंचाईत कराडला. नदी स्पॅनिशमध्ये ‘एल रिओ’, पुल्लिंगी. नद्यांची नावंही तशीच. म्हणजे प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना हे दोन बाप्ये गळाभेट घेतात. घाटावर ओटी भरायला आलेल्या बायकांना हे सांगणार कोण?